डॉ. वेंकटरामन : धागा, खळ आणि रंग यांचे नाते उलगडणारे रसायनशास्त्रज्ञ

बोईसर स्थानकातून बाहेर पडून औद्योगिक वसाहतीच्या कडेकडेने समुद्राच्या दिशेने गेले की रस्ता नवापूरला पोहोचतो. हे नवापूर नंदुरबार जिल्ह्यातले नव्हे. पालघर तालुक्यातले, मच्छीमारांच्या वस्तीचे किनाऱ्यावरचे गाव. तारापूर औद्योगिक वसाहतीचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते, पण तेथील कारखान्यांनी वापरून टाकलेले पाणी प्रक्रियेनंतर जलवाहिनीने ज्या समुद्रात सोडले जाते तो समुद्र नवापूरचा, हे मुंबईकर वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या पाण्यामुळे मासळी हटली अशी किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाची तक्रार आहे आणि ती राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेली आहे.

या वसाहतीत पोलाद आहे, औषधे आहेत, कापड आहे आणि रंगद्रव्येही आहेत. पश्चिम भारतात रंगांचा आणि कापडाला लागणाऱ्या रसायनांचा उद्योग कसा रुजला याचा शोध घेत मागे गेले की वाट माटुंग्याला जाते. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाला, म्हणजेच पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीच्या 'यूडीसीटी'ला, आकार देणारे पहिले भारतीय संचालक डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचे चरित्र म्हणूनच केवळ एका प्राध्यापकाचे चरित्र राहत नाही. कापडाला काय चिकटते, का चिकटते आणि जे चिकटत नाही त्याचे काय होते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची ती कथा आहे.

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रासमध्ये झाला. तेथील शिक्षण आटोपून ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेले. त्या काळी भारतीय विद्यार्थ्यांची ओढ लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजकडे असे. परंतु ज्याला रंग आणि कापड शिकायचे आहे त्याने मँचेस्टर गाठावे, हेच शहाणपणाचे होते. हे शहर लँकेशायरच्या कापूस उद्योगाची राजधानी होते. रसायनशास्त्राच्या अध्यासनावर तेव्हा रॉबर्ट रॉबिन्सन होते, ज्यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींमधील रंगद्रव्यांची रचना उकलणे आणि तीच द्रव्ये प्रयोगशाळेत घडवणे हा रॉबिन्सन यांचा ध्यास. फुलांना पिवळा रंग देणाऱ्या फ्लेव्होन गटातील संयुगांवर त्यांनी वेंकटरामन यांच्यासह केलेले काम १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्रासकडचेच आणि जवळजवळ समवयस्क असलेले टी. आर. शेषाद्री हेही याच गुरूंकडे शिकले, आणि त्यांनीही जन्मभर याच कुळातील द्रव्यांचा पाठपुरावा केला. एका गुरूच्या दोन मद्रासी शिष्यांपैकी एकाने पुढे दिल्लीत आणि दुसऱ्याने मुंबई-पुण्यात आपापली घराणी उभी केली, असे म्हणता येईल.

मायदेशी परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापक झाले. ज्या शोधामुळे त्यांचे नाव आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते तो याच महाविद्यालयातला. फ्लेव्होन तयार करण्याच्या वाटेवरील एका टप्प्यात, अल्कलीच्या सान्निध्यात, रेणूतील अणूंचा एक गट एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतो, हे त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी एच. एस. महल यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तेच आढळले. तेव्हापासून ही अभिक्रिया बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या जोडनावाने ओळखली जाते. लाहोरच्या एका महाविद्यालयातील, फारशी साधने नसलेल्या प्रयोगशाळेतील कामाला असे चिरंतन नाव मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या कन्या धर्मा यांचा जन्मही लाहोरचाच. धर्मा कुमार या नावाने त्या पुढे भारतातील नामवंत आर्थिक इतिहासकार झाल्या. दक्षिण भारतातील जमीन आणि जात यांवरील त्यांचा १९६५ चा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो.

१९३४ मध्ये वेंकटरामन मुंबईला आले. रासायनिक तंत्रशास्त्र विभाग सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १ ऑक्टोबर १९३३ रोजी हा विभाग उघडला तेव्हा त्याच्या दोनच शाखा होत्या : रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन. यातली दुसरी शाखा का होती हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूत काढणे आणि कापड विणणे ही कामे सत्तर-पंचाहत्तर वर्षे मुरलेली होती. परंतु विरंजन, रंगाई, छपाई आणि खळ यांच्यामागचे रसायन मात्र परदेशातून येणाऱ्या डब्यांवरच्या सूचनांवर चालत असे. विभागाचे पहिले प्रमुख आर. बी. फॉर्स्टर होते. १९३८ मध्ये त्यांच्या जागी वेंकटरामन संचालक झाले. वय अवघे सदतीस.

येथे थोडे थांबून खळीविषयी सांगितले पाहिजे, कारण या विद्येचा पाया तेथे आहे. मागावर ताण्याचे उभे धागे फणीतून हजारो वेळा घासले जातात. नुसते सूत हा मार सोसत नाही. त्याचे तंतू पिंजारतात, धागा तुटतो आणि साचा थांबतो. म्हणून विणण्यापूर्वी ताण्याला खळ चढवतात. आपल्याकडील कोष्टी आणि साळी हे काम पिढ्यान्पिढ्या भाताच्या पेजेने किंवा कणकेच्या खळीने करत आले. पांजणीच्या वेळी उन्हात ताणलेल्या धाग्यांवर कुंचा फिरवणारी माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे आठवेल. माणदेशातील धनगर घोंगडीच्या लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. गिरण्यांमध्ये हेच काम सायझिंग खात्यात वाफेवर तापवलेल्या रोळांवर होई. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या काही गिरणीवाल्यांनी खळीत चिनी माती मिसळून कापडाचे वजन फुगवले आणि गिऱ्हाइकाला मातीच विकली, हा या धंद्याच्या इतिहासातील काळा भाग. पण मुळात खळ ही फसवणूक नव्हे. तिच्यावाचून विणकाम होत नाही.

कापसाचा तंतू आणि पिठूळ स्टार्च यांचे गोत्र एकच आहे. दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या. फरक फक्त कड्या कशा जोडल्या आहेत एवढाच. दोन्हींवर हायड्रॉक्सिल गट असल्याने स्टार्च सुताला धरून बसतो. मात्र शिजवलेला कच्चा स्टार्च फार दाट होतो, धाग्याच्या आत शिरत नाही, आणि निवला की दह्यासारखा बसतो. त्याचा लेप ठिसूळ होऊन मागाखाली भुकटी पडते. यावर रसायनशास्त्राने शोधलेले उपाय म्हणजे स्टार्चचा स्वभावच थोडा बदलणे. आम्लाने साखळ्या आखूड केल्या की खळ पातळ होते आणि आत मुरते. सोडियम हायपोक्लोराइटने ऑक्सिडीकरण केले की साखळ्या तुटतातच, शिवाय त्यांच्यावर कार्बॉक्सिल गट येतात. असा स्टार्च पुन्हा घट्ट होत नाही आणि त्याचा पापुद्रा स्वच्छ, लवचीक बनतो. ॲसिटेट किंवा हायड्रॉक्सिएथिल यांसारखे गट जोडले की साखळ्या एकमेकींना बिलगत नाहीत आणि धाग्याशी संबंध वाढतो. पुढे पॉलिएस्टर आल्यावर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला, कारण त्या तंतूवर कापसासारखे हायड्रॉक्सिल गट नसतात आणि साधी खळ त्यावरून सोलून निघते. गोत्र जुळत नसेल तर नाते रसायनाने जुळवावे लागते.

वेंकटरामन यांचा स्वतःचा प्रांत खळीचा नव्हता, रंगांचा होता. परंतु प्रश्न तोच. कोणता रंग कापसाला आपणहून धरतो आणि कोणता धुण्याबरोबर निघून जातो? नॅफ्थॉल गटातील द्रव्ये प्रथम सुतात मुरवून मग त्यांच्यावर दुसरे द्रव्य चढवले की रंग तंतूतच जन्म घेतो. बाजारातल्या पक्क्या लाल रंगांपैकी अनेक याच जातीचे. या नॅफ्थॉलांच्या रेणूची घडण आणि त्यांचे कापसाविषयीचे आकर्षण यांचा संबंध शोधणारे संशोधन मुंबईतून १९४० च्या सुमारास इंग्लंडमधील रंगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्हॅट रंगांवरही येथे सातत्याने काम झाले. विभागात वस्त्ररसायनाची धुरा वाहणारे प्रा. जी. एम. नाबर यांनी व्हॅट रंगांच्या सान्निध्यात हायपोक्लोराइटने कापसाचे सेल्युलोज झपाट्याने का झिजते याचा अभ्यास केला होता. गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात कापड अचानक का विरते, हा त्यामागचा रोकडा सवाल. सेल्युलोज आणि स्टार्च या भावंडांपैकी एकाला वाचवायचे आणि दुसऱ्याला नेमके तेवढेच मोडायचे, असे हे शास्त्र आहे.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्याला निकडीचे स्वरूप दिले. १९३९ मध्ये जर्मनीतून येणारे रंग बंद झाले. युद्धकाळात खाण्याचे धान्य गिरण्यांच्या खळीत घालणेही अवघड झाले. तेव्हा देशाचे लक्ष चिंचोक्याकडे गेले. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत चिंचोक्याच्या गरातील चिकट द्रव्यावर काम झाले आणि त्याची पूड ताग व कापड गिरण्यांमध्ये खळ म्हणून वापरात आली. माटुंग्याच्या विभागातही या द्रव्याची छाननी झाली. ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढून त्याचे गुणधर्म सांगणारा विभागातील संशोधकांचा निबंध १९४८ मध्ये अमेरिकेतील जीवरसायनशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. आज आपल्याला ठाऊक आहे की या द्रव्याचा कणा सेल्युलोजसारखाच ग्लुकोजचा असतो आणि त्यावर झायलोज व गॅलॅक्टोज यांच्या फांद्या असतात. कापसाशी ते इतके जवळीक का साधते याचे उत्तर त्या कण्यात आहे. धनगरांच्या अनुभवातून आलेली खळ अशी रेणूंच्या भाषेत समजली. पुढे तिच्यावर कार्बॉक्सिमेथिल गट चढवून छपाईसाठी लागणारा दाटपणा देणारी पूडही निघाली. या कामाचे श्रेय वेंकटरामन यांच्याकडे वैयक्तिकरीत्या जात नाही, हे स्पष्ट केलेले बरे. त्यांचे कर्तृत्व असे की त्यांच्या छत्राखाली अशा देशी, काहीशा उपेक्षित वस्तूंनाही जागतिक दर्जाच्या चिकित्सेचा मान मिळाला.

आणि मग आला तो ग्रंथ. माझ्या मते लाहोरच्या शोधापेक्षाही वेंकटरामन यांची मोठी कामगिरी ही. रंगद्रव्यांचे ज्ञान तोवर कंपन्यांच्या तिजोरीत बंद होते. जर्मन, स्विस, ब्रिटिश आणि अमेरिकी कारखाने आपापल्या कृती दडवून ठेवत. पेटंटांची भाषा अशी गुंतागुंतीची असे की वाचणाऱ्याच्या हाती नेमके काही लागू नये. युद्धात जर्मनी हरल्यावर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकांनी तेथील कारखाने पिंजून काढले आणि त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. हजारो पानांच्या, विस्कळीत आणि कोरड्या अशा या अहवालांचा ढीग कितीकांनी नुसता चाळून बाजूला ठेवला असेल. वेंकटरामन यांनी तो वाचला, पेटंटे आणि शोधनिबंध यांच्याशी ताडून पाहिला आणि १९५२ मध्ये संश्लेषित रंगांच्या रसायनशास्त्रावर दोन जाडजूड खंड न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. हार्वर्डचे लुई फायझर आणि मेरी फायझर यांनी संपादित केलेल्या ग्रंथमालेतील हे खंड होते. रशियन भाषेतही त्यांचा अनुवाद झाला. रंगांच्या क्षेत्रात स्वतःचा मोठा उद्योग नसलेल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील प्राध्यापकाने रंगांच्या जगाला त्याचा स्वतःचा नकाशा काढून द्यावा, यात एक प्रकारची काव्यात्म न्यायबुद्धी दिसते.

नकाशा हाती आला तेव्हाच देशात वाटचालही सुरू झाली होती. कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अतुलच्या कारखान्याचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. मफतलाल समूहाचा रंगांचा कारखाना कल्याणजवळ उभा राहिला. मोठ्या कारखान्यांत नोकरी करून अनुभव घेतलेले माटुंग्याचे पदवीधर पुढे स्वतःचे लहान कारखाने काढू लागले. भांडवल थोडे, ज्ञान भरपूर, अशी ही नवउद्योजकांची जात. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आल्यावर त्यांना ठाणे, अंबरनाथ, डोंबिवली आणि पुढे तारापूर येथे भूखंड मिळत गेले.

१९५७ मध्ये वेंकटरामन यांनी मुंबई सोडली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद स्वीकारले. १९५० मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे आधीचे दोन्ही संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. वेंकटरामन पहिले भारतीय. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले आणि त्यांची जागा माटुंग्याचेच, वऱ्हाडातील कारंजा येथे जन्मलेले डॉ. बा. द. टिळक यांनी घेतली. तेही रंगरसायनाचेच अभ्यासक. उत्तरायुष्यात त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाला वाहून घेतले, तो मात्र वेगळ्या लेखाचा विषय.

संचालकाच्या खुर्चीत बसल्यावर बहुतेकांची परीक्षानळी सुटते. वेंकटरामन यांची सुटली नाही. मुंबईत असतानाच त्यांनी फणसाच्या लाकडातील पिवळ्या द्रव्यांचा अभ्यास आरंभला होता. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे ज्या लाकडाच्या काढ्यात रंगवली जात, तेच हे लाकूड. कोकणात तर ते घराच्या तुळईला आणि देवघराच्या चौरंगाला वापरलेले. त्यातून आर्टोकार्पिन आणि त्याची अनेक भावंडे वेगळी काढली गेली, आणि लाहोरच्या फ्लेव्होनांचा धागा येथे पुन्हा हाती लागला. पुण्यात तुतीच्या सालीतील द्रव्ये आली, आणि लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाच्या रचनेचे कोडेही आले. अलित्यापासून रेशमापर्यंत शतकानुशतके वापरलेला हा रंग म्हणजे एकच पदार्थ नसून अनेक आम्लांचे मिश्रण आहे, हे त्या काळातील संशोधनातून स्पष्ट झाले. या कामात ए. व्ही. रामाराव हे त्यांचे विद्यार्थी होते, जे पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या ग्रंथाचा संसार पुन्हा मांडला. १९५२ नंतर रंगांचे जग बदलले होते. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले होते. तोवरचे रंग कापसावर ओढीने बसत, त्यात अडकून राहत किंवा आत न विरघळणारे होऊन दडत. हे नवे रंग तंतूच्या हायड्रॉक्सिल गटाशी थेट रासायनिक बंध जोडू लागले. रंग आणि तंतू एकाच रेणूचे भाग झाले. हे सारे एकट्याने लिहिणे आता शक्य नव्हते. जगभरच्या तज्ज्ञांकडून प्रकरणे मागवून वेंकटरामन यांनी १९७० ते १९७८ या काळात आणखी सहा खंड संपादित केले. त्यातील १९७२ चा सहावा खंड रिॲक्टिव्ह रंगांना वाहिलेला आहे. १९७७ मध्ये रंगांच्या विश्लेषणावरील स्वतंत्र ग्रंथही आला. कापडावर कोणता रंग आहे हे ओळखण्याच्या पद्धती त्यात आहेत. नमुना कापडाचा असो वा सांडपाण्याचा, रंग वेगळा करून ओळखण्याची मूळ विद्या तीच.

येथे पुन्हा नवापूर आठवते. रिॲक्टिव्ह रंगाचा बंध घट्ट खरा, पण रंगाच्या टाकीत तंतूबरोबर पाणीही असते. रंगाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि मग तो कापडाच्या काहीही उपयोगाचा राहत नाही. तो धुऊन टाकावा लागतो. खळीचेही तसेच. विणकाम झाल्यावर तिचे काम संपते. रंगाई नीट व्हावी म्हणून विकरांनी ती तोडून कापडातून काढून टाकतात, आणि हा विरघळलेला स्टार्च पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो. कापड प्रक्रिया कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्राणवायूची मागणी वाढवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ज्या पिढीने रंग आणि खळ यांचे शास्त्र या देशात आणले तिच्या यशाचे माप, कापडावर किती टिकले, हेच होते. पाण्यात किती गेले हे मोजण्याची सवय भारतीय उद्योगाला फार उशिरा लागली. पाण्याच्या प्रदूषणावरचा केंद्रीय कायदा १९७४ चा. वेंकटरामन यांना याबद्दल दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण त्यांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवली तर नवापूरच्या किनाऱ्यावरच्या माणसांवर अन्याय होईल, हेही तितकेच खरे. अधिक टक्के बसणारे रंग, कमी लागणारी आणि परत मिळवता येणारी खळ, यांवर पुढे जे संशोधन झाले ते याच ग्रंथांत मांडलेल्या पायावर उभे आहे.

मुंबईचा विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला आणि आता रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखला जातो. गिरणगावातील बहुतेक धुराडी विझली. माग भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीला गेले, आणि सायझिंगचे कारखानेही त्यांच्यापाठोपाठ गेले. निवृत्तीनंतर वेंकटरामन पुण्याच्या प्रयोगशाळेतच काम करत राहिले. ग्रंथमालेचा आठवा खंड निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १२ मे १९८१ रोजी, त्यांचे निधन झाले.